मागच्या सूचनेतली चूक

आमच्या घरी कामगार संघटनेचं पत्रक निघायचं तेव्हा सगळ्यात वर, मथळ्याच्याही आधी, एक चौकट असायची. बाबा ती पट्टी लावून आखायचे. मागच्या पत्रकात अमुक चूक होती, खरी गोष्ट अशी आहे, एवढंच त्या चौकटीत लिहिलेलं असायचं. चूक नसेल तर चौकट नसे. पण बहुतेक वेळा ती असायचीच, कारण बाबा कारखान्यातून सुटल्यावर घाईत लिहायचे. कारखान्यातले बहुतेक लोक हिंदी बोलणारे, म्हणून पत्रकं हिंदीत निघायची आणि त्यांच्यावरची भांडणं घरात मराठीत व्हायची. आईचं म्हणणं असं की चूक खाली, बारीक अक्षरात टाकावी, वर काहून टाकता? बाबा म्हणायचे, वरूनच वाचतात लोक.

चौकटीचा आणखी एक नियम होता. ज्याच्याबद्दल चुकीचं लिहिलं गेलं, पहिली प्रत त्याच्या हातात द्यायची. आपण जाऊन.

एकदा बाबांनी एका सुपरवायझरबद्दल लिहिलं की त्यानं अपघाताची नोंद दाबून ठेवली. खरं तर नोंद त्यानं वेळेत वर पाठवली होती, अडकली वरच. चौकट छापली आणि मला सायकलच्या दांड्यावर बसवून बाबा त्या माणसाच्या क्वार्टरवर गेले. मी तिसरीत होते. त्या माणसानं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. कागद वाचला, घडी केली, दार लावलं. परतताना मी विचारलं, "आपण काहून गेलो? तो तर वाईटच आहे ना?"

"असेल," बाबा म्हणाले. "पण ही चूक त्याची नव्हती."

हे सगळं मला माहीत होतं. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना कुणी असं समजू नये की मला शिकवलं गेलं नव्हतं. अक्षरं मी पत्रकांवरच गिरवली, घड्या घालायला पाच वर्षांची असल्यापासून बसले, कॉलेजात गेल्यावर माझी स्वतःची पत्रकं काढली. हॉस्टेलच्या पाण्यावर, परीक्षेच्या गोंधळावर. माझी भाषा बाबांपेक्षा धारदार आहे असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. माझ्या पत्रकांना चौकट मात्र कधी नव्हती. माझी चूक होत नाही, असं मला वाटायचं.

आता मी एका खासगी कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळते. सदर बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय आहे, एक लांब खोली आणि अठरा कपाटं. दोन वर्षांपूर्वी ठरलं की पुस्तकांची यादी संगणकावर घ्यायची. मंडळानं एक लॅपटॉप मिळवला, तो चालू करून देण्याचं काम माझ्याकडे आलं आणि यादी उतरवण्याचं काम एका काकांनी मागून घेतलं.

हे काका सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयातून रेकॉर्ड सांभाळून निवृत्त झालेले. टाइपरायटरच्या काळातला हात, त्यामुळे मराठी टायपिंग माझ्यापेक्षा वेगानं करायचे. त्यांची एक सवय होती. संगणकाशेजारी एक लांबट रजिस्टर उघडं ठेवायचे आणि उठताना त्यात ओळ भरायचे. तारीख, किती नोंदी केल्या, ‘सेव्ह केले’, वेळ, सही. खोलीतून सगळ्यात शेवटी तेच निघणार असले तर आणखी दोन शब्द, ‘मेन बंद’. कारण वाचनालयाचा तसा नियम होता. फार पूर्वी एकदा वायर जळून कपाटाचा कोपरा काळा पडला होता, तेव्हापासून दाराशी पाटी आहे की शेवटच्या माणसानं मेन स्विच खाली करून कुलूप लावावं.

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, संगणकाला रजिस्टर नाही लागत. तो सगळं लक्षात ठेवतो."

ते म्हणाले, "ठेवू दे ना बेटा. आपण पण ठेवू."

पावसाळा संपत आला तेव्हा संगणकानं एक मोठं अपडेट मागितलं आणि मी ते करून दिलं. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं तो मूळ प्रोग्राम, नवा झाला. दिसायला छान होता. त्यानंतरच्या आठवड्यात काकांनी मला फोन करून सांगितलं की आदल्या दिवशीच्या नोंदी दिसत नाहीत. मी विचारलं, सेव्ह केलं होतं? हो म्हणाले. दोन दिवसांनी आणखी नोंदी गेल्या. मग पुन्हा. प्रत्येक वेळी मी जायचे, त्यांच्या समोर दहा नोंदी टाइप करायचे, सेव्ह करायचे, झाकण लावायचे, उघडायचे. नोंदी जागेवर. मी त्यांच्याकडे बघायचे. ते स्क्रीनकडे बघायचे.

तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "हे मशीनच विसरून राहिलं आहे, बेटा. मी सेव्ह केलं. हे बघ, लिहिलं आहे." आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

मी ते उघडलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "काका, रजिस्टरमध्ये लिहिल्यानं सेव्ह होत नाही. बटण दाबावं लागतं."

खोलीत आणखी तिघंचौघं होते. एक जण हसला. काकांनी रजिस्टर मागे ओढून घेतलं आणि बंद केलं.

चौथ्या वेळी दिवसभर बसून केलेल्या नोंदी गेल्या. माझा संताप झाला. तो संताप मला ओळखीचा होता, त्यात मला बरं वाटायचं, वाक्यं आपोआप सुचायची. मी कॉलेजातून एक पानभर सूचना छापून आणली आणि वाचनालयाच्या फलकावर लावली, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. त्यात लिहिलं होतं की सार्वजनिक कामात निष्काळजीपणा हा अपराध आहे. आपल्याला न समजणारं यंत्र समजतं असं भासवण्यापेक्षा बाजूला होण्यात मोठेपणा आहे. यापुढे पासवर्ड माझ्याकडे राहील. कुणाचंही नाव मी घेतलं नव्हतं. पण त्या संगणकावर एकच माणूस बसत होता.

काका फलकासमोर उभे राहून ती सूचना पूर्ण वाचताना मला दिसले. वाचताना त्यांच्या हातात पेन्सिल असायची, कुठलाही कागद ते पेन्सिल घेऊनच वाचायचे, तशी ती त्या दिवशीही होती. मग माझ्याकडे आले, रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "माझंच काही चुकत असेल. नव्या लोकांनी पाहावं हे."

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी मी स्वतः बसले. नव्वद नोंदी केल्या, सेव्ह केल्या, झाकण लावलं. खोलीत मी शेवटची होते, म्हणून पाटीप्रमाणे मेन स्विच खाली केला, कुलूप लावलं आणि घरी आले. शनिवारी झाकण उघडलं तर एकही नोंद नव्हती. फाईल होती, बुधवारी होती तशी.

त्या क्षणी मी पहिली गोष्ट काय केली ते मला चांगलं आठवतं. मान वळवून पाहिलं की खोलीत कुणी आहे का. कुणी नव्हतं.

मग मी रजिस्टर उघडलं. सगळं तिथे होतं. ज्या ज्या दिवशी ‘मेन बंद’ लिहिलेलं, त्या त्या दिवसाचं काम गेलेलं. ज्या दिवशी काका आधी निघाले आणि कुलूप दुसऱ्यानं लावलं, त्या दिवसाचं टिकलेलं. सेव्हची खूण दिसायची, पण संगणक ते काम खरं तर हातातच धरून बसायचा. झाकण लावल्या लावल्या वीज गेली की, बॅटरी असूनही, जागा झाल्यावर तो जुनी प्रत पुढे करायचा. माझ्या लॅबमधल्या संगणकांना झाकणं नाहीत, तिथे हे कधी दिसलंच नसतं. आणि काकांसमोर तपासताना मी मेन स्विच कधी खाली केला नव्हता. खोलीत दिवे लागलेले, माणसं बसलेली, कशाला करीन?

रजिस्टरच्या अकरा पानांचे मी फोटो काढले. काकांना फोन करायचं मनात आलं. आधी नीट खात्री करून घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच झालं. आता खात्री होती. फोन केला नाही.

त्याऐवजी मी त्या कंपनीच्या फोरमवर गेले, जिथे वापरणारे आपल्या अडचणी मांडतात. तिथे मी जे लिहिलं त्याइतकं चांगलं मी आजवर कधी लिहिलं नव्हतं. सगळ्या तारखा, सगळ्या वेळा, कधी गेलं, कधी टिकलं. ‘एका वापरणाऱ्याने ठेवलेल्या नोंदींनुसार’ असा एक तुकडा त्यात होता. बस, तेवढाच. चार दिवसांत कुठल्या कुठल्या गावांतून लोक लिहायला लागले की आमचंही असंच होतं, आम्हाला वाटलं आमचीच चूक. एका बाईनं लिहिलं की तिच्या मुलांनी तिला संगणकावर बसू देणंच बंद केलं होतं. एका माणसानं लिहिलं, इतक्या शिस्तीत नोंदी कोण ठेवतं, सलाम. मी त्याला ‘धन्यवाद’ म्हणून उत्तर दिलं.

कंपनीचं उत्तर आलं की त्यांच्याकडे अशी काही अडचण आढळलेली नाही. मग आलं की संगणक बंद करून पुन्हा चालू करून पाहा. मग आलं की झाकण लावण्याआधी वापरणाऱ्यांनी काम नीट साठवलं आहे ना याची काळजी घ्यावी. मी पेटले. रोज लिहायचे. तुम्ही चूक लपवता आणि तिचं ओझं गरीब, वयस्क, नवख्या माणसांच्या माथी मारता. तुमच्या मौनामुळे लोक स्वतःवरचा विश्वास गमावून बसतात. चूक कबूल करायला एक ओळ पुरते, ती लिहायची हिंमत तुमच्यात नाही. हे सगळं मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून डबा खाता खाता लिहायचे आणि संध्याकाळी वाचनालयात जाऊन त्याच फलकाखाली बसायचे. माझी सूचना अजून लागलेली होती. तिचा एक कोपरा सुटला होता, तो मी एकदा टाचणीनं परत बसवला. ते मी का केलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

काका जवळजवळ रोज यायचे, पुस्तकं बदलायचे, "चलो" म्हणून निघून जायचे. संगणकाच्या बाजूनं जात नसत. कपाटांच्या मागून वळसा घालायचे.

संक्रांत उलटून गेल्यावर एक अपडेट आलं. मी ते टाकलं, झाकण लावलं, मेन स्विच खाली केला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं. नोंदी जागेवर. अपडेटसोबत काय काय बदललं त्याची यादी येते, ती मी दोनदा वाचली. चूक, नुकसान, माफी, काही नव्हतं. शेवटी एक ओळ होती, ‘याशिवाय काही किरकोळ सुधारणा’. फोरमवरची आमची चर्चाही त्यांनी त्याच दिवशी बंद केली. ती आता नुसती वाचता येते, तिच्यात कुणाला काही लिहिता येत नाही.

त्या रविवारी मंडळाची बैठक होती. आमचे चिटणीस बँकेतले, बदली होऊन दोन वर्षांपूर्वी आलेले, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी विचारलं की संगणकाचा तो घोळ मिटला का. काका मागच्या बाकावर बसले होते.

मी म्हणाले, "हो, मिटला. काही किरकोळ सुधारणा केल्या. आता काही जाणार नाही."

"मग काकांना पण एक अपडेट मारून टाक," चिटणीस म्हणाले.

सगळे हसले. काकाही हसले. मी पण हसले.

घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. त्यांना आता वाचायला त्रास होतो, म्हणून मी रोज काही ना काही सांगते, आणि त्या कंपनीची गोष्ट ते गेले तीन महिने आवडीनं ऐकत होते. मी त्यांना ती ‘किरकोळ सुधारणा’वाली ओळ सांगितली. म्हटलं, बघा, गुपचूप दुरुस्त केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. इतक्या लोकांना त्यांनी मूर्ख ठरवलं, आणि चौकट नाही.

बाबांनी घास संपवला. "ते रजिस्टर ज्यांचं आहे, त्यांना सांगितलं ना तू? पहिली प्रत?"

"हो," मी म्हणाले.

"अच्छा. काय म्हणाले ते?"

मी तांब्या उचलून त्यांचा पेला भरला. आई भाजी वाढता वाढता थांबली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे. त्यांनी रागावायला हवं होतं. रागावणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला येतं.

सोमवारी मी कॉलेजात एक पान छापलं. वर चौकट, पट्टी लावून आखलेली, आत मजकूर. मागच्या सूचनेत ज्यांच्यावर निष्काळजीपणाचा आरोप केला होता त्यांची काही चूक नव्हती. ते प्रत्येक वेळी काम सेव्ह करत होते. चूक संगणकाच्या मूळ प्रोग्राममध्ये होती आणि ती त्यांच्याच रजिस्टरमुळे सापडली. मी क्षमा मागते. खाली नाव आणि सही.

काकांच्या घरी गेले तेव्हा दार काकूंनी उघडलं. "ये. ते लिहून राहिले आहेत," असं म्हणून त्या आत वळल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, टेबलावर बुटाचे तीन खोके, आणि खोक्यांत उभी लावलेली कार्डं. पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची, प्रत्येकावर एक पुस्तक. लेखक, नाव, कपाट, खण. रेघा मारलेल्या, अक्षर छापल्यासारखं. मी एक कार्ड उचललं आणि लगेच परत ठेवलं.

"दोन कपाटं झाली," काका म्हणाले. "मशीन माझ्यानं होत नाही. पण यादी तर मी मागून घेतली होती ना. पुस्तकं दोन-दोन, चार-चार घरी आणतो. हाताला वळण लागलं आहे, होऊन जाईल."

पुस्तक बदलायला येत होते ते यासाठी. हे तीन महिने चाललं होतं. त्यातला एकही दिवस असा नव्हता की मी त्यांना थांबवू शकले नसते.

मी कागद पुढे केला. त्यांनी पेन्सिल शोधली, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. सावकाश, ओळीवरून पेन्सिल फिरवत. काकूंनी पाणी आणून ठेवलं. मी ते घेतलं नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर सरळ केला. मग म्हणाले, "मशीनच विसरत होतं."

"हो, काका."

"मी सेव्ह करत होतो."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे तुला केव्हा समजलं?"

मी म्हणाले, "दिवाळीच्या आधी."

काकूंनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या उठून आत गेल्या. काकांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. ते त्यांच्या कामाला लागले. पेन्सिलनं कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"यात तारीख नाही, बेटा."

मला वाटलं आजची तारीख. मी पेन काढून ती लिहिली.

"ही नाही," ते म्हणाले. "तुला समजलं ती. तारखेशिवाय कागद फाईलला लागत नाही."

बाबांच्या चौकटींतही ती तारीख कधी नसायची, कारण ते दुसऱ्याच दिवशी छापायचे. मी टेबलाच्या कडेवर कागद ठेवून चौकटीतल्या मजकुराखाली एक ओळ वाढवली. ही गोष्ट मला अमुक तारखेला समजली होती. तो शनिवार मला शोधावा लागला नाही. ओळ लिहून झाल्यावर दोन तारखा एका कागदावर आल्या, वरची आणि खालची, आणि त्यांच्यामधलं अंतर कुणालाही मोजता येणार होतं. तो कागद हातात घेताना मला जे वाटलं ते त्याआधी छापताना वाटलं नव्हतं. छापताना तर, खरं सांगायचं तर, मला माझी भाषा आवडली होती.

पहिली प्रत त्यांनी ठेवून घेतली. दुसऱ्या प्रतीवर मी तीच ओळ हातानं लिहिली, जुनी सूचना काढून तिच्या जागी लावली आणि ग्रुपवर फोटो टाकला. बऱ्याच जणांनी अंगठ्याची खूण टाकली. चिटणीसांचा फोन आला. ते म्हणाले की हे माहीत असतं तर रविवारी जे बोलले ते बोलले नसते, आणि मग म्हणाले, "पण तुला तर माहीत होतं." मी हो म्हणाले. दोनतीन जण फलकासमोर उभे राहून बोटांवर महिने मोजताना मी स्वतः पाहिले. फोरमवर जाऊन तिथेही हे लिहावं म्हणून मी पान उघडलं, पण चर्चा बंद आहे. ‘एका वापरणाऱ्याने ठेवलेल्या नोंदींनुसार’ हे तिथे तसंच राहणार, आणि त्याच्याखाली ‘सलाम’ आणि माझं ‘धन्यवाद’.

बाबांना सांगितलं. तारखेचं सांगितल्यावर ते म्हणाले, हे बरोबर आहे, आपणही चौकटीत तारीख ठेवायला पाहिजे होती. रविवारी जेवताना मी ‘हो’ म्हणून खोटं बोलले होते, त्याबद्दल काही बोलले नाही, त्यांनीही विषय काढला नाही. ते अजून तसंच आहे.

गुरुवारी काका तीन खोके घेऊन वाचनालयात आले. मी खुर्ची रिकामी करून उभी राहिले आणि पासवर्डची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. ते खुर्चीत बसले नाहीत. बाजूचा स्टूल ओढला, रजिस्टर उघडलं, खोक्यातून पहिलं कार्ड काढलं आणि मला म्हणाले, "तू कर. मी सांगतो."

ते वाचत गेले, मी टाइप करत गेले. मधे एकदा माझं कपाट चुकलं, ते थांबले, मी दुरुस्त केलं, मग पुढचं कार्ड. साठ झाल्यावर उठायची वेळ झाली. मी सेव्ह केलं, झाकण लावलं. त्यांनी रजिस्टरमध्ये तारीख घातली, नोंदी साठ लिहिलं, ‘सेव्ह केले’ लिहिलं, वेळ लिहिली. सहीच्या रकान्यापाशी थांबले आणि पेन माझ्याकडे दिलं.

मी सही केली. मेन स्विच त्यांनी खाली केला.